खिळा न मारलेली भिंत

"हळू, हळू! माझ्या नवऱ्याच्या हातची फळी आहे ती, कोंबड्यांचं खुराडं नव्हे!"

ओटिली हॉफबेक खुर्चीतून अर्धवट उठून ओरडली, तसा पहार लावलेला सुतार जागच्या जागी थबकला. रुंद पायांची काळी विजार आणि डोक्यावर काळी हॅट, असा तो उंचापुरा गडी म्हातारीच्या एका हाकेनं शाळकरी पोरासारखा गोरामोरा झाला.

"हॉफबेकबाई, एकच फळी काढायची आहे," संग्रहालयाकडून आलेली संशोधक विब्के थोमसेन समजावणीच्या सुरात म्हणाली. "मागची भिंत कशी आहे ते बघायचं आणि होती तशी परत लावायची. माझा शब्द."

"शब्द तुमचा आहे हो डॉक्टरबाई, पण पहार त्याच्या हातात आहे ना!"

कोपऱ्यातल्या गोल टेबलाशी बसलेला एर्हार्ट खो खो हसला. एर्हार्ट हा गावातला जुना गवंडी, ओटिलीच्या नवऱ्याचा, कास्परचा, बालमित्र. सराय बंद होऊन वर्ष झालं होतं, नळातून बियर येत नव्हती, पण एर्हार्ट रोज सकाळी स्वतःची बाटली काखोटीला मारून यायचा आणि आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसायचा. ओटिली त्याला रोज हाकलायची आणि रोज त्याच्यापुढे पेला ठेवायची.

'पांढरा हंस' ही सराय जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या त्या गावच्या हमरस्त्यावर तीनशेहून अधिक वर्षं उभी होती. खालचा मजला दगडी, वरचे दोन लाकडी सांगाड्याचे, मधे कुडाच्या भिंती. तुळया अशा जोडलेल्या, की रस्त्यावरून पाहावं तर हातपाय फाकवून माणसं ओळीनं उभी आहेत आणि डोक्यावर छप्पर तोलून धरलंय, असं वाटावं. गवतानं भरलेली गाडी आत शिरेल एवढा मोठा दरवाजा, त्याच्यामागे घोडे बदलायचं अंगण, खाली थंडगार कमानीचं तळघर. मीठ वाहणारे, कापड विकणारे, लग्नाला निघालेले, लढाईतून पळालेले, सगळे इथे जेवून झोपून पुढे गेले. आता मात्र छपराच्या पाठीला बाक आला होता आणि चालवायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी श्टुटगार्टला. ती फोनवर रडली भरपूर, यायला काही तयार झाली नाही.

मग जिल्ह्याच्या संग्रहालयानं मागणी घातली. त्यांच्या मोठ्या कुरणावर अशी जुनी घरं आणून पुन्हा उभी केलेली होती. सराय सुटी करायची, तुळई तुळई तिकडे न्यायची आणि पूर्वी होती तशी जोडायची. ओटिलीनं होकार दिला, तेव्हा गावात म्हणाले, ओटिलीनं सराय उजवली, स्थळ बरं मिळालं! तीही हसली. पण तिनं एक अट घातली होती. वरच्या खोल्या, मोठा दरवाजा, अंगण, वाटेल त्या जुन्या सालातल्यासारखं करा. खालची बसायची खोली मात्र कास्परनं ठेवली होती तशीच राहिली पाहिजे. मधाच्या रंगाच्या पाइनच्या फळ्या, चौकड्यांचे पडदे, बियरच्या नळाचा ओटा, सगळं.

तिला त्या खोलीचं कौतुक होतं म्हणून नव्हे. कास्पर शहरातल्या वृद्धाश्रमात होता. त्याच्या डोक्यातून एकेक माणूस, एकेक वर्ष निसटून चाललं होतं. तरी रोज सकाळी तो कोट चढवून, हॅट मांडीवर घेऊन बसायचा आणि येईल त्याला विचारायचा, "गाडी आली का? घरी जायचंय मला." ओटिलीनं त्याला सांगून टाकलं होतं, रंगकाम चालू आहे, झालं की नेते. आता रंगकाम संपल्यावर दार उघडून दाखवायला निदान ती एक खोली तरी हवी होती. कास्परला घरी न्यायचं आणि ते घर त्याला ओळखू यायला हवं, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा तिनं करारात घालून घेतली होती.

फळी कुरकुरली आणि सुटली. धुळीचा लोट उठला. सुतार खोकत बाजूला झाला आणि विब्केनं हातातली बॅटरी आत धरली. मग ती बाई आपल्या चांगल्या विजारीसकट धुळीत फतकल मारून बसली.

"काय झालं? वाळवी?" ओटिली घाबरून पुढे आली.

विब्केनं नुसतं बोट दाखवलं. फळीमागे हातभर रुंद जुन्या फळकुटांची भिंत होती, काजळीनं आणि चुन्यानं माखलेली. पण मधेच चुन्याचा पापुद्रा गळून पडला होता आणि तिथून लालभडक ट्यूलिपची फुलं बाहेर बघत होती. काळे देठ, हिरवी वळणदार पानं, आणि त्यांच्यावर मान वाकडी केलेला एक पांढरा पक्षी.

"हंस!" विब्के कुजबुजली.

एर्हार्ट काठी टेकत आला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "बदक आहे ते."

"हंस आहे."

"बाई, तुम्ही उत्तरेकडच्या. तुमच्याकडं मासे कळतात. बदक आम्ही दर नाताळात खातो."

पण विब्केचं लक्ष नव्हतं. घर नवं असताना रंगवलेली ही भिंत असणार, ती म्हणाली. अशी बैठकीची खोली एवढ्या धड अवस्थेत आपण कुठं पाहिली नाही. मग तिनं बॅटरी खाली-वर फिरवली आणि तिचा स्वर बदलला. "हॉफबेकबाई, या फळ्या कुणी लावल्या म्हणालात?"

"कास्परनं. आमचं लग्न झालं त्या वर्षी. का?"

"भिंतीत एकही खिळा नाही. हे बघा, आधी जमिनीपासून आढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या घातल्यात. वर तुळईत अडकवल्या, खाली जमिनीत. फळ्या त्या पट्ट्यांना ठोकल्या. चित्राला कशाचाही स्पर्श नाही. मागं हवा खेळती राहावी म्हणून फट ठेवलीय."

"मी म्हटलं होतं त्याला!" एर्हार्टला एकदम आठवलं. "म्हटलं, ठोक की सरळ भिंतीत, अर्ध्या दिवसाचं काम. तर नाही! आठवडाभर रंधा मारत बसला. आम्ही चेष्टा केली, म्हटलं कास्पर भिंतीला गुदगुल्या होतील म्हणून भितोय."

फळ्या हव्यात हा हट्ट ओटिलीचा होता. नवी नवरी होती ती. पलीकडच्या गावातल्या सरायीत नुकत्याच चकचकीत फळ्या बसल्या होत्या, आणि इथे मात्र काजळीची काळीभोर भिंत. गोठ्यात उभं राहून पाहुण्यांना वाढणार नाही, असं तिनं नाक मुरडून सांगितलं होतं. गावजत्रेच्या आत झालं पाहिजे, नाहीतर मी माहेरी जाते. कास्पर "बरं" म्हणाला होता. कास्पर नेहमीच "बरं" म्हणायचा.

"करार करारच आहे," विब्के उठत म्हणाली. कपडे झटकायचंही तिला सुचलं नाही. "फळी परत लावते. मी तुमच्यावर दबाव आणणार नाही." पण तिचे डोळे त्या फुलांवरून हलत नव्हते, आणि ते ओटिलीला दिसत होतं.

*

दुपारच्या बसनं ती कास्परकडे गेली. तो खिडकीशी बसला होता. कोट, हॅट, सगळं तयार.

"आलीस?" त्यानं विचारलं. आज ओळखलंन, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. "झालं का रंगकाम?"

"होत आलंय."

"खोली तशीच आहे ना?"

"कुठली खोली?"

"कुठली म्हणजे? मधाच्या रंगाची. दार उघडलं की आलो घरी." त्यानं खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. "तुला फार आवडतो तो रंग."

"आणि तुला?"

कास्परनं विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर जुनं, खट्याळ हसू उमटलं. "मला कुणी विचारलंच नाही."

ती खळखळून हसली. किती महिन्यांनी हसली. तिनं पिशवीतून सफरचंदाचा केक काढला, त्याच्या हनुवटीखाली रुमाल लावला, एकेक तुकडा हातात देत गेली. तो खात असताना तिनं हळूच विचारलं, "कास्पर, त्या फळ्यांमागं फुलं होती. तुला ठाऊक होतं?"

तो चावायचा थांबला. तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या नजरेतली ती ओळख हळूहळू निघून गेली. ती गेलेली ओटिलीला नेहमी कळायची. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे वाकून म्हणाला, "बाई, माझ्या बायकोला सांगू नका हं."

"नाही सांगत," ओटिली म्हणाली.

"तिला कळलं तर म्हणेल, घासून काढ. जत्रेच्या आत घासून काढ! फार झपाट्याची आहे ती. चांगली आहे, पण झपाट्याची." तो मान हलवत हसला. "चुना खरवडताना एक फूल दिसलं मला. लाल. म्हटलं, असू दे. झाकून ठेवतो. तिलाही बरं, फुलांनाही बरं. कधीतरी कुणीतरी उघडेल."

"कोण उघडणार?"

"येईल कुणीतरी. सराय आहे, लोक येतच असतात."

परतीच्या बसमध्ये ओटिली सबंध वाटभर रडली. समोरच्या बाईनं कागदी रुमाल पुढे केला, तो घेऊन तिनं नाक शिंकरलं आणि पुन्हा रडली. चाळीसहून अधिक वर्षं एका छपराखाली काढली. या माणसानं आपल्या तोंडावर कधी नाही म्हटलं नाही, आणि आपण मात्र त्याला वळणावर आणलं म्हणून मिरवलं. किती हळुवारपणे त्यानं आपला हट्टही पुरवला होता आणि त्याच हट्टापासून ते घरही वाचवलं होतं!

सकाळी विब्के आणि सुतार आले, तेव्हा ती ओट्याशी उभीच होती.

"काढा सगळ्या फळ्या."

"आणि तुमची अट?"

"अट माझी होती, मीच मोडते. त्यानं ठेव ठेवली होती, ती बाहेर आली पाहिजे."

एर्हार्टनं बाटली खाली ठेवली. या वेळी तो हसला नाही. "ओटिली, विचार कर. फळ्या गेल्या तर कास्परला खोली ओळखू येणार नाही."

"ठाऊक आहे मला!" ती त्याच्यावर खेकसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ठाऊक आहे रे. कालपासून दुसरं काही डोक्यात नाही."

फळ्या निघाल्या. चुना उतरला. चारही भिंतींवर फुलंच फुलं उमलली. आणखी दोन पक्षी निघाले. त्यांची मान सरळ आणि डोक्यावर मुकुट होता, त्यामुळे एर्हार्टला ते हंस आहेत हे मुकाट्यानं मान्य करावं लागलं. पहिल्याबद्दल मात्र तो हट्टालाच पेटला होता.

मग घर सुटं झालं. तुळयांच्या सांध्यांवर जुन्या सुतारांनी कोरलेल्या खुणा निघाल्या. कुठली तुळई कुठल्या खांबाला, याचा हिशेब तीनशे वर्षांपूर्वीच लाकडात लिहून ठेवलेला होता, त्याच आधारानं सगळं उतरवत गेले. शेवटचा ट्रक निघाला तेव्हा गावातले लोक दारादारात उभे होते. कुणीतरी टोपी काढली. ओटिली मागच्या आळीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली.

*

संग्रहालयातली सराय उघडली ती दोन वर्षांनी, मे महिन्यात. कास्पर अजून होता, पण आता तो कोट घालून बसत नव्हता. घरी जायचं म्हणून विचारतही नव्हता. आश्रमातल्या परिचारिकेनं "आता ते शांत असतात" असं सांगितलं, तेव्हा ओटिलीच्या काळजात चर्र झालं होतं. माणूस घराची वाट बघायचा थांबला, तर यांना ते बरं वाटतं! तरीही तिनं एर्हार्टला गाडी काढायला लावली. घरी नेईन असं त्याला सांगितलं होतं ना, मग नेणार.

कुरणावर, अक्रोडाच्या झाडांमागे 'पांढरा हंस' उभा होता. पाठ ताठ, कुडाच्या भिंतींना नवा चुना, मोठ्या दरवाजावर लोखंडी दांड्याला सोनेरी मानेचा हंस. ओटिलीला क्षणभर भलतंच वाटलं, आपलं कुणी आजारी माणूस खडखडीत बरं होऊन परक्याच्या घरी राहावं तसं. सूर्यही चुकीच्या बाजूला होता. गावात सकाळचं ऊन स्वैपाकघरात यायचं, इथे ते मोठ्या दरवाजातून आत येत होतं.

"कास्पर," ती त्याचा दंड धरून म्हणाली, "हे बघ. आपलं घर."

कास्परनं वर पाहिलं. तुळयांवरून, छपरावरून नजर फिरवली. "छान आहे," तो सभ्यपणे म्हणाला. "कुणाचं?"

एर्हार्टनं तोंड फिरवलं. कास्परची टोपी उगाचच नीट करत ओटिली म्हणाली, "चल, आत जाऊ."

बसायच्या खोलीच्या दारात जाड दोर लावलेला होता. दोराच्या अलीकडे सात-आठ माणसं दाटीवाटीनं उभी राहून माना उंचावून आत बघत होती. आत लांब टेबल, बाकं, खोली उबदार ठेवणारी मातीच्या फरशांची मोठी भट्टी आणि चहूबाजूंनी लाल फुलं. विब्के पलीकडे कुणाला तरी माहिती देत होती. हॉफबेक पतिपत्नी दिसताच ती मधेच थांबली.

कास्परनं फुलांकडे पाहिलं. ओटिली त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ना मधाचा रंग, ना लाल फूल, ना ती. सगळं गेलं होतं. आता परत फिरावं, एवढंच तिच्या मनात आलं.

इतक्यात कास्परचं लक्ष दाराशी ताटकळलेल्या माणसांकडे गेलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. ओटिलीच्या हातातून दंड सोडवून तो पुढे झाला, दोराचा आकडा काढला आणि दोर बाजूला टाकला.

"दारात काय उभे? या, या, आत या! बसा."

माणसं गोंधळली. पहाऱ्यावरची बाई धावत आली, पण विब्केनं लांबूनच हात वर करून तिला थांबवलं. कास्पर बाकावरची धूळ बाहीनं पुसत होता. "सरका जरा आत. आजोबा, तुम्ही भिंतीकडं. बाई, पिशवी द्या इकडं, पायात येते." त्याची पाठ ताठ झाली होती. आवाजही तोच, भरल्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. लोक कुठल्याशा जुन्या सवयीनं निमूट बसत गेले.

सगळे बसले, तसं कास्परनं टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक केली. त्या मुलखातला हा साऱ्या टेबलाला एकदम केलेला रामराम. बसलेली माणसं तिथलीच होती. त्यांनी हसून आपापल्या पेरांनी टेबल वाजवलं. एर्हार्टनं तर भिंतीचा खांबच वाजवला.

मग तो वळला. दारात ओटिली एकटीच उरली होती.

"आणि तुम्ही, बाई?" तो तिच्याजवळ येऊन म्हणाला. "एकट्याच आहात?"

"हो," ओटिली म्हणाली.

"लांबून आलात?"

"बरीच लांबून."

"मग अशा उभ्या का? दमला असाल." त्यानं तिच्या कोपराखाली हलकेच हात दिला, भट्टीशेजारच्या जागेपाशी नेलं, खुर्ची मागे ओढून धरली. "ही चांगली जागा आहे. इथं ऊब असते. बसा निवांत, घाई नाही."

भट्टी पेटलेली नव्हती. ओटिली बसली. लग्न होऊन या खोलीत आली त्या दिवसापासून ती इथे कधी पाहुणी म्हणून बसली नव्हती, कुणी तिच्यासाठी खुर्ची ओढली नव्हती. हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, या खोलीत ते कधी रिकामे नसायचे.

"काय आणू?" कास्परनं विचारलं.

"घरात असेल ते," ती म्हणाली, आणि हात टेबलावर ठेवून वाट बघत बसली.